खुंट वाचत वाचत : ताम्हिणी ते चांदोली

सह्याद्रीत जंगल कसे परत येते हे पाहायचे तर फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा हाच काळ धरावा. पानझडी झाडे उघडी झालेली असतात, त्यामुळे बुंधा कुठून फुटला ते दिसते. वनविभागाच्या लेखी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. म्हणजे या दिवसांत गेल्या वर्षीचे जळित आणि यंदाचे ताजे जळित दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. पावसाळ्यात सगळेच हिरवे, आणि हिरवा रंग पुष्कळ काही झाकतो.

सामान फार नाही. तीस मीटरचा टेप, शिंप्याचा दीड मीटरचा टेप (खोडाच्या घेरासाठी), नायलॉनची दोरी, चार खुंट्या, खुरपे, खडू, वही, आणि उतार मोजायला फोनमधले अ‍ॅप. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात चौकट आखून मोजणी करायची तर वनविभागाची लेखी परवानगी आधी काढावी लागते. रस्त्याच्या कडेने पाहत जायला ती लागत नाही, आणि निम्मे शिक्षण तिथेच होते.

पहिला दिवस : पौड, मुळशी, ताम्हिणी

मुळशी धरण मागे टाकले की उजव्या-डाव्या उतारांवर तीन पट्टे दिसू लागतात. खाली भातखाचरे आणि नाचणीची वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, मधे विरळ झाडोरा, आणि ओहोळांच्या घळीत काळपट हिरवे दाट रान. पाऊस तिन्ही पट्ट्यांवर सारखाच पडतो, वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या पुढे. फरक पावसाचा नाही, कुऱ्हाडीचा आणि आगीचा आहे.

मधला पट्टा नीट पाहावा. इथली झाडे खांबासारखी सरळ आणि अंगाला बारीक फांद्या चिकटलेली दिसतात, ती राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी, कवळ तोडल्यामुळे. रोपवाटिकेच्या जागेवर खाली शेण, त्यावर तोडलेल्या फांद्यांचे कवळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यांत वर बारीक माती. माती यासाठी की आग भडकू नये, धुमसत राहावी. उन्हाळ्याच्या शेवटी वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. तणाचे बी मरते, राख मिळते, रोप जोमदार येते. शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब चोख आहे. झाडाच्या बाजूने तो असा, की दर एक-दोन वर्षांनी पाने जातात आणि फुलोऱ्याला लागणारी जुनी फांदी कधी तयारच होत नाही. ऐन, किंजळ, जांभूळ तोडून घेतात. हिरडा आणि आंबा उत्पन्नाचे म्हणून राखतात. म्हणून अशा उतारावर हिरड्याचे एखादे मोठे, गोल माथ्याचे झाड दिसले तर ते निसर्गाने निवडलेले नाही, माणसाने ठेवलेले आहे.

त्याच उतारावर अधूनमधून चार-पाच पावले रुंदीचे सपाट गोल ओटे लागतात. खुरप्याने वीतभर माती काढली की काळी, कोळशाचे तुकडे मिसळलेली माती निघते. या कोळशाच्या जुन्या भट्ट्या. भट्टीभोवतीचे रान बुंध्यापासून साफ तोडले जायचे, आणि काही वर्षांनी फुटवे मनगटाएवढे झाले की पुन्हा.

इथे खुंट वाचायला शिकावे. एकदाच तोडलेल्या झाडाला दोन-तीन जाड खोडे असतात, बुंधे एकमेकांना चिकटलेले. वारंवार तोडलेल्याचा खुंट जमिनीलगत पसरट होतो, मधे पोकळ कुजका भाग, आणि कडेने आठ-दहा बारीक खोडांचे कडे. मधला कुजका भाग जितका रुंद, तितका खुंट जुना. अंजनीचा असा खुंट कित्येकदा वरच्या सगळ्या खोडांपेक्षा दोन-तीन पिढ्या थोर असतो. झाड ‘लहान’ आहे असे म्हणणे तिथे चूक ठरते.

दुसरी खूण मुळाशी. गुडघ्याएवढे रोप दिसले की ते बियांतून आले की जुन्या मुळातून फुटले हे वरून कळत नाही. बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला करावी. बियांचे रोप असेल तर खोड आणि मूळ साधारण एकाच जाडीचे, मूळ सरळ खाली. फुटवा असेल तर वर काडी आणि खाली अंगठ्याएवढी गाठ. ती गाठ दर वर्षी जळून पुन्हा फुटल्याची नोंदवही असते. मधल्या पट्ट्यात बहुतेक ‘रोपे’ ही अशी गाठीचीच निघतात. पाहून झाल्यावर माती परत दाबावी, नाहीतर मूळ उन्हात सुकते.

सह्याद्रीच्या तोडलेल्या उतारांबद्दल आमचे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढचा सगळा रस्ता त्याचीच पडताळणी आहे : जंगल परत येते ते खुंटातून. दोन घावांमधले अंतर झाडाच्या फळ धरण्याच्या वयापेक्षा कमी राहिले, तर जी झाडे खुंटातून फुटतात तीच उरतात, आणि जी फक्त बियांवर चालतात ती एकेक करून गळतात. हिरवळ तेवढीच दिसते, जाती कमी झालेल्या असतात.

संध्याकाळी घळीतल्या दाट रानात एक चौकट आखली. पद्धत सांगून ठेवतो, कारण चुका इथेच होतात. झाडांसाठी १० × १० मीटर. चारही बाजू बरोबर आल्या तरी चौकट तिरकी होऊ शकते, म्हणून कर्ण मोजावा. तो १४.१४ मीटर भरला पाहिजे. उतार ३० अंशांचा असेल तर उताराच्या दिशेने टेप १०ऐवजी ११.५५ मीटर धरावा लागतो, नाहीतर चौकट प्रत्यक्षात लहान पडते आणि दर हेक्टरी झाडांचा आकडा गडबडतो. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, उताराच्या वरच्या बाजूला उभे राहून घ्यावा. एका खुंटावर २०, २५ आणि ३० सेंमी घेराची तीन खोडे असतील तर बेरीज करून ७५ लिहू नये. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे, ते ४३.९ येते. बेरीज केली की फुटव्यांचे रान कागदावर थोराड वृक्षांचे दिसू लागते. खुंट किती आणि खोडे किती हे दोन आकडे वेगळे ठेवावेत. दर खुंटामागे खोडे जितकी जास्त, तितकी तोड ताजी किंवा वारंवार.

दुसरा दिवस : विळे, महाड, आंबेनळी घाट

ताम्हिणीतून खाली विळ्याकडे उतरताना झाडोरा बदलतो. ऐन, किंजळ, नाणा, कुडा, आणि त्यांना गुंडाळून उक्षीच्या वेली. कोकणच्या बाजूचे हे रान सरपणासाठी तोडून तोडून फुटव्यांचे झालेले आहे. उक्षी वाढली म्हणजे छत फाटलेले आहे असे समजावे. ती उजेडावर माजते आणि कोवळे फुटवे खाली वाकवते. छत मिटले की आपोआप मागे हटते. वेल कापण्याची मोहीम म्हणूनच अर्धवट उपाय ठरते, उजेड तसाच राहिला तर पुढच्या पावसात ती पुन्हा वर.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना मात्र निराळेच प्रकरण. जुलै २०२१ मध्ये या पट्ट्यात दरडींनी डोंगर उघडे पाडले. महाबळेश्वरला तेव्हा एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. दरडीच्या ओरखड्यावर तोडीचे किंवा आगीचे नियम लागू होत नाहीत, कारण माती गेली की खुंटही गेला आणि मातीतले बीही. उघड्या मुरमावर आधी गवत आणि नेचे, मग भेगांतून धायटी, ओल असेल तिथे चांदाडा. रानमोडी हे माजणारे तण तर कडेकडेने हजर असतेच. ओरखड्याच्या दोन्ही काठांवर चालत गेले की फरक दिसतो : जिथे मातीची ढेकळे झाडासकट घसरून खाली थांबली आहेत तिथे ऐन-किंजळीचे फुटवे पुन्हा उभे आहेत, आणि वरचा गुळगुळीत भाग अजून उघडाच. अशा जागी खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे सुटलेला मुरूम आणखी सैल करणे. तिथे गवत बसू द्यावे, गुरे दूर ठेवावीत, बस.

तिसरा दिवस : महाबळेश्वर

इथले ठेंगणे सदाहरित रान मुख्यतः अंजनी, जांभूळ आणि पिसा या तिघांचे. मार्चच्या सुमारास अंजनीच्या खोडा-फांद्यांना निळी-जांभळी फुले चिकटलेली असतात आणि पर्यटक तेवढाच फोटो काढून पुढे जातात. झाडे ठेंगणी का, याला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही एकाच डोंगरावर खरी आहेत. कड्याच्या तोंडावर वारा आणि जांभ्यावरची उथळ माती झाडाला वाढू देत नाही. तिथे खोड एकच असते पण वाकडे, आणि माथा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला कललेला. आतल्या सपाटीवर खोडे सरळ पण एका खुंटातून अनेक, म्हणजे तिथे कुऱ्हाड चाललेली. ऑर्थर सीटच्या वाटेवर दोन्ही प्रकार काही मिनिटांच्या अंतराने पाहता येतात.

अंजनीचे लाकूड कठीण आणि वाढ अगदी सावकाश. पिसा तिच्यापेक्षा लवकर फुटतो, लवकर वाढतो, पण साल पातळ, आग सोसत नाही. त्यामुळे जिथे फक्त तोड झाली तिथे पिसा पुढे दिसतो, आणि तोडीनंतर आगही आली तिथे तो मागे पडतो. हा ताळा आम्हाला उपयोगी वाटतो, पण एका झाडावरून निष्कर्ष काढू नये. निदान पाच-सहा चौकटी तरी हव्यात.

गावाबाहेरच्या उघड्या उतारांवर रामेठ्याची झुडपे दाट झालेली दिसली. रामेठा विषारी, गुरे तोंड लावत नाहीत. गुरांनी बाकी सगळे खाल्ले आणि याला सोडले, म्हणून तो उरला. रामेठ्याचे राज्य दिसले की तिथे चराई जास्त आहे असे बिनधास्त लिहावे. याउलट करवंदाची जाळी ही चांगली बातमी. काट्यांच्या आत गुराचे तोंड पोचत नाही, बुलबुल करवंदे खाऊन तिथेच बसतात आणि बाहेरून आणलेले बी टाकतात. जाळीच्या मधोमध जांभळाचे किंवा अळू या रानफळाच्या झाडाचे रोप डोके काढताना सापडते. वृक्षारोपणाच्या तयारीसाठी पहिल्यांदा याच जाळ्या ‘झुडपे साफ’ म्हणून तोडल्या जातात, आणि मग मोकळ्या उन्हात ४५ × ४५ × ४५ सेंमीचे खड्डे, तीन-तीन मीटरवर, हेक्टरी १,१११. खड्डा खणताना जुन्या खुंटांची मुळे तुटतात, ते वेगळेच. जिथे जिवंत खुंट आहेत तिथे खड्ड्यांवरचा खर्च राखणदारावर करावा.

खुंटांना मदत करायचीच असेल तर ती अशी. थंडीत, झाड निजलेले असताना, दर खुंटावरचे सगळ्यांत सरळ आणि जमिनीला सर्वांत जवळून फुटलेले दोन-तीन फुटवे ठेवून बाकीचे धारदार कोयत्याने तिरक्या घावाने काढावेत. उंचावरून फुटलेला फुटवा जुन्या कुजक्या खुंटावर उभा असतो आणि वादळात फाटतो. जमिनीलगतचा स्वतःची मुळे धरतो. नवी पालवी नुकतीच आलेली असताना हे काम केले तर मुळातला साठा आधीच पानांत खर्च झालेला असतो आणि नवे फुटवे मरतुकडे येतात. पावसात केले तर घावात कूज शिरते. आणि एकाच वर्षी एकच फुटवा ठेवण्याचा मोह टाळावा. तो वाऱ्याने मोडला की झाड पुन्हा शून्यावर.

चौथा दिवस : कास, बामणोली, वासोटा

मेढा-साताऱ्यावरून कासला. फुलांचा हंगाम नसल्याने पठार करडे आणि रिकामे. कास या यादीत मुद्दाम ठेवले आहे, कारण इथे जंगल ‘परत’ आणण्यासारखे काही नाही. जांभ्याच्या खडकावर बोटभर माती, तिथे मोठे झाड कधी नव्हते. अशा सड्यांना उजाड जंगल समजून झाडे लावणे हा मोठा घोटाळा आहे. शिवाय इथे उलटाही धडा मिळतो : पठाराला कुंपण घालून चराई थांबवल्यावर उंच गवत माजले, लहान फुलझाडे दबली अशी तक्रार झाली, आणि पुढे कुंपण काढण्यात आले. काही वनस्पतींना व्यत्ययच मानवतो.

बामणोलीहून शिवसागर या कोयना धरणाच्या जलाशयातून बोटीने तास-दीड तासात मेट इंदवली. गाव उठून गेलेले, आता वनविभागाची चौकी. नोंदणी करावी लागते, प्लॅस्टिक मोजून नेतात आणि मोजून परत दाखवावे लागते. संध्याकाळच्या आत परतायचे असते, म्हणून पहिली बोट गाठावी. कोयना अभयारण्य १९८५चे, क्षेत्र ४२३.५५ चौरस किलोमीटर.

पूर्वीच्या वस्तीची जागा झाडांवरून कळते. घरांची जोती दगडांच्या ओळीत उरतात आणि त्यांच्याशेजारी फणस, आंबा. त्यांच्या पलीकडे जुनी शेते. आज त्यांवर एकाच वयाच्या झाडांचा घोळका दिसतो, बहुतेक बारीक बियांची किंवा पक्ष्यांनी आणलेली : शेंद्री, भोमा, चांदाडा. शेतात खुंट नव्हते, नांगराने मुळे काढून टाकली होती. म्हणून इथे सगळे बाहेरून आलेल्या बियांवर चालले. बांधावर मात्र खुंट टिकलेले, तिथे जांभूळ आणि अंजनी खूप पुढे गेलेली. त्याच डोंगरावर शेत आणि बांध यांत इतका फरक पडतो.

वासोटा किल्ल्याच्या चढावर रान मिटते. गारंबीच्या मांडीएवढ्या वेली, खाली ओला पालापाचोळा, गवताचे नाव नाही. गवत नाही म्हणून आग आत शिरत नाही, आग नाही म्हणून सावलीची रोपे जगतात, ती जगतात म्हणून गवत येत नाही. उघड्या उतारावर हेच चक्र उलटे फिरते : गवत आहे म्हणून आग, आग आहे म्हणून रोप नाही, रोप नाही म्हणून गवत. दोन्ही चक्रे आपापल्या जागी घट्ट. मधली सीमा पाहायची तर रानाच्या कडेला थांबावे. तिथल्या खोडांवर आगीचे त्रिकोणी व्रण असतात, आणि ते बहुतेक उताराच्या वरच्या बाजूला, कारण घरंगळणारा पालापाचोळा खोडाच्या त्याच बाजूला साचतो आणि तिथे आग जास्त वेळ धुमसते. कुंभ्याची जाड साल असे व्रण सहज पचवते. भोम्याला एकच पुरतो.

आता मोठ्या बियांच्या सदाहरित झाडांचा प्रश्न. जांभळाचे बी वाळले की काही आठवड्यांत मरते, मातीत वर्षानुवर्षे पडून राहण्याची सोय त्याला नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस फळ, लगेच पाऊस, लगेच रुजणे, एवढाच मार्ग. त्या वर्षी फळ देणारे झाड जवळ नसेल, किंवा रोप रुजून पुढच्या मार्चमध्ये वणवा आला, तर ते वर्ष फुकट. बी वाहणारे धनेश, उदमांजर, वटवाघूळ येण्यासाठी जवळपास उंच झाड किंवा देवराई लागते. ताम्हिणीच्या उतारांवर हीच कडी तुटलेली आहे. घळीतले रान आणि देवराई सोडून जरा दूर गेले की मोठ्या बियांचे रोप दुर्मीळ.

कारवी या झुडपाबद्दल एक सावधगिरी. सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि वाळून जाते. त्या वाळक्या काठ्यांचे वर्ष रानासाठी सगळ्यांत धोक्याचे आणि सगळ्यांत संधीचे असते. उजेड जमिनीवर पोचतो, झाडांच्या रोपांना एक-दोन पावसाळे मोकळीक मिळते. त्याच वर्षी वणवा लागला तर सुक्या कारवीची आग नेहमीच्या गवताच्या आगीपेक्षा किती तरी भडक. राखणदारी वाढवायची तर फुलोऱ्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

पाचवा दिवस : मणदूर, चांदोली

चांदोली १९८५मध्ये अभयारण्य आणि २००४मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. २०१०पासून कोयनेसह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. मणदूरच्या नाक्यावर परवाना घेऊन ठरलेल्या रस्त्यानेच जाता येते. जनीचा आंबा, विठलाईचे देऊळ, झोळंबीचा सडा, असा तो मार्ग. खाली उतरून चौकटी आखण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे गाडीतून आणि थांब्यांवरून जेवढे दिसेल तेवढेच.

इथून गावे उठवून दुसरीकडे वसवलेली आहेत. त्यांची भातखाचरे अजून पायऱ्यांसारखी ओळखू येतात आणि बहुतेक कुरणेच आहेत. पाणी साचणाऱ्या खाचरात झाडाचे रोप पावसाळ्यात गुदमरते आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या चिकणमातीत मुळे तुटतात. गवे आणि सांबर चरतात ते वेगळे. म्हणून तिथे जंगल वेगाने येत नाही, आणि तृणभक्षी प्राणी हवे असतील तर ते घाईने यावे असेही नाही. कुठली खाचरे कुरण म्हणून राखायची आणि कुठली सोडायची हा निर्णय आधी घ्यावा, नाहीतर एकीकडे गवत कापणे आणि दुसरीकडे झाडे लावणे अशी दुहेरी मजुरी होते.

वरकस उतार मात्र झपाट्याने भरतात. नाचणी, वरी, कारळे अशी आळीपाळीने पिके घेऊन पडीक टाकण्याच्या जुन्या पद्धतीत इथे खोल नांगरट नसे, खुंट शेतातच राहायचे. शेती थांबल्यावर पहिल्या दोन पावसाळ्यांत फुटवे माणसाच्या उंचीचे, पाच वर्षांच्या आत करवंद-उक्षीची जाळी, दहा-पंधरा वर्षांत छत मिटू लागते, आणि सावलीतली सदाहरित रोपे त्याच्यानंतरच. हे ढोबळ वेळापत्रक आग आली नाही तर. एका वणव्याने ते तीन-चार वर्षे मागे जाते, लागोपाठच्या वणव्यांनी पहिल्या पायरीवरच अडकते.

रस्त्याकडेला घाणेरी मोठ्या प्रमाणात आहे. ती नुसती कापली तर चौपट फुटते. फुला-फळांच्या आधी, बुंध्याच्या खाली दोन-तीन इंचांवर मूळ तोडून झुडूप उपटावे आणि उलटे करून वाळत टाकावे. नंतर दोन पावसाळे, पक्षी बसतात त्या झाडांखाली उगवलेली रोपे हाताने काढत राहावे. हा पाठपुरावा झाला नाही की पहिल्या वर्षाचे पैसे वाया. आणि काढलेली जागा लगेच भरून घ्यायला शेजारी फुटवे किंवा गवत हवे, नुसती उघडी माती रानमोडीच्या हाती जाते.

झोळंबीच्या सड्यावर पुन्हा कासचीच गोष्ट : खडक, उथळ माती, भेगांमध्ये खुरटी झुडपे. नकाशावर ‘विरळ जंगल’ म्हणून रंगवलेले ठिपके पुष्कळदा असे सडे असतात. परतीची नोंद पूर्ण करताना प्रत्येक जागेपुढे चार गोष्टी लिहाव्यात : माती आहे की गेली, जिवंत खुंट किती, बी देणारे सर्वांत जवळचे मोठे झाड किती मीटरवर, शेवटची आग कोणत्या वर्षी. चौथ्याचे उत्तर गावातले गुराखी देतात, उपग्रहाच्या नोंदींशी ते जुळवून घ्यावे. उपग्रहाचा एक ठिपका पावणेचारशे मीटरचा असतो आणि दुपारी लागून संध्याकाळी विझलेली गवताची लहान आग त्यातून निसटते. त्याच चौकटी पुन्हा मोजायच्या तर पाच वर्षांनी, याच महिन्यात, आणि कोपऱ्यांवर लाकडी खुंट्या न ठेवता दगड पुरून ठेवावेत. लाकडाच्या खुंट्या वाळवी खाते, उरल्याच तर वणवा.